मेर्सेन संख्या म६७

२ च्या ६७ व्या घातातून १ वजा केला असता मिळणारी २१ अंकी संख्या. तिचे मूल्य १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ आहे. एखादी संख्या संयुक्त आहे, हे तिचा एकही अवयव ठाऊक नसताना सिद्ध करता येते, याचे हे संख्या सिद्धांतातील ठळक उदाहरण होय.

२ च्या न-व्या घाताहून १ ने लहान असलेल्या संख्येस मेर्सेन संख्या (मन) म्हणतात. ती अविभाज्य (मूळ) असण्यासाठी न अविभाज्य असावा लागतो. पण तेवढे पुरत नाही. उदा., म११ = २०४७ = २३ × ८९. फ्रेंच धर्मगुरू व गणितज्ञ मारँ मेर्सेन (१५८८–१६४८) यांनी १६४४ मध्ये २५७ पर्यंतच्या ज्या घातांकांपासून अविभाज्य संख्या मिळतात त्यांची यादी दिली. तीत ६७ होता. हे खरे असते, तर यूक्लिड यांच्या नियमानुसार २ चा ६६ वा घात व म६७ यांचा गुणाकार ही एक परिपूर्ण संख्या ठरली असती.

एद्वार ल्यूका (१८४२–९१) यांनी १८७६ मध्ये म६७ संयुक्त असल्याचे दाखविले. त्यांच्या कसोटीला डी. एच. लेमर यांनी पुढे सोपे रूप दिले. ४ पासून आरंभ करून प्रत्येक संख्येच्या वर्गातून २ वजा करावे व मन ने भागून बाकी घ्यावी. न विषम अविभाज्य असता (न – २) वेळा असे केल्यावर बाकी शून्य उरली तरच मन अविभाज्य असते. म५ = ३१ करिता ४, १४, ८, ० अशा बाक्या येतात. म६७ साठी अशा ६५ पायऱ्या लागतात व अखेरीस शून्य येत नाही. मात्र या कृतीतून अवयवांचा काहीच सुगावा लागत नाही. फेर्मा यांच्या प्रमेयावरील साधी कसोटी तर येथे फसवी आहे. कारण २ च्या (म६७ – १) व्या घातास म६७ ने भागल्यास बाकी १ च उरते.

अवयवांचा शोध अगदीच आंधळा नव्हता. म६७ चा प्रत्येक अविभाज्य अवयव १३४ च्या पटीहून १ ने मोठा असतो आणि त्यास ८ ने भागल्यास बाकी १ किंवा ७ येते. तरीही लहान अवयवापर्यंत अशा सु. ७,२२,००० संख्या येतात. अमेरिकन गणितज्ञ फ्रँक नेल्सन कोल (१८६१–१९२६) यांनी वर्गशेषांच्या साहाय्याने हे क्षेत्र आणखी आकुंचित केले आणि ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी न्यूयॉर्क येथे अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत

म६७ = १९,३७,०७,७२१ × ७,६१,८३,८२,५७,२८७

हे फल मांडले. कोल यांनी एकही शब्द न उच्चारता फळ्यावर गुणाकार करून दाखविला व या शोधासाठी तीन वर्षांतील रविवार खर्ची पडल्याचे सांगितले, ही हकिकत ई. टी. बेल यांनी १९५१ मध्ये लिहिली; ती आख्यायिकाच समजावी. गुणाकार पडताळण्यास तास पुरतो, हे मात्र कोणालाही करून पाहता येईल.

मेर्सेन यांच्या यादीत ६७ व २५७ हे घातांक चुकीने आले होते, तर ६१, ८९ व १०७ हे सुटले होते. ही तपासणी १९४७ मध्ये पूर्ण झाली. संगणकास म६७ चे अवयव क्षणार्धात काढता येतात. परंतु ३८५ अंकी म१२७७ ही संयुक्त असल्याचे सिद्ध होऊनही २०२४ पर्यंत तिचा एकही अवयव सापडला नव्हता.