कौन्सिलांतील प्रश्नोत्तरें : एक इतिहाससाधन

महजर, करीने, यादी, पत्रें व जमाखर्च हीं मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें म्हणून सर्वमान्य आहेत. इंग्रजी अमलाच्या उत्तरार्धाकडे वळलें म्हणजे मात्र संग्राहकांची दृष्टि बहुधा खाजगी पत्रव्यवहार व वृत्तपत्रें यांपुढें जात नाहीं. कायदेकौन्सिलांच्या कामकाजाचे छापील खंड सरकारी बाड म्हणून फडताळाच्या तळाशीं पडतात. या खंडांतील प्रश्नोत्तरें हें अव्वल दर्जाचें साधन आहे. परंतु प्रश्न विचारण्याचा हक्क त्या त्या सालीं केवढा होता हें ध्यानीं घेतल्यावांचून त्याचा उपयोग केल्यास फसगत होण्याचा संभव फार, असें आमचें म्हणणें आहे. तेंच येथें थोडक्यांत मांडतों.

जुन्या दप्तरांशीं परिचय असणारांस या साधनाचा घाट अगदींच अनोळखी वाटूं नये. कलमवार यादींत मागणाराचें एकेक कलम आणि त्याजवर हुजूरचा निर्णय असतो. भेद एवढाच कीं, तेथें उत्तर देणें ही धन्याची मर्जी. येथें मात्र राज्यकर्त्यानें उत्तर टाळलें तर तें टाळणेंही छापून राहतें.

(१) मूळ. या प्रघाताचें मूळ इंग्लंडांत आहे. साउथ सी कंपनीचा डोलारा कोसळल्यावर तिचा मुख्य रोखपाल रॉबर्ट नाइट देशाबाहेर पळाला. तो ब्रसेल्स येथें पकडला गेल्याची वार्ता खरी काय, असें लॉर्ड कौपर यांनीं इ. स. १७२१ मध्यें लॉर्डांच्या सभेंत प्रधान सन्डरलंड यांस विचारलें. लिहून ठेवलेला असा हा पहिलाच प्रश्न समजला जातो. आणि तोही लोकांच्या बुडालेल्या पैशासंबंधींचाच होता, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

(२) १८५३ ते १८९२. हिंदुस्थानांत १८५३ च्या सनदी कायद्यानें बारा सभासदांचें कायदेकौन्सिल निर्माण झालें. त्यांत मुंबई इलाख्याचा एक सरकारी प्रतिनिधि बसे. हें कौन्सिल कायदे करून स्वस्थ बसेना. तें पार्लमेंटचा कित्ता गिरवून सरकारास कारभाराविषयीं विचारूं लागलें. विलायतेंतील वरिष्ठांस तें रुचलें नाहीं, व १८६१ च्या कायद्यानें कौन्सिलाचें काम केवळ कायदे करण्यापुरतें राखून ठेवण्यांत आलें. त्यापुढें नवा कर बसविण्यासाठीं कायदा आणावा लागला तरच जमाखर्चावर चर्चा व्हावयाची. म्हणून या तीस वर्षांच्या खंडांत सरकारास विचारलेले प्रश्न आढळत नाहींत, याचें कारण लोकांस विचारावयाचें कांहीं नव्हतें असें नसून विचारण्याची वाटच बंद होती, हें होय.

(३) १८९२ चा कायदा. या कायद्यानें दोन गोष्टी दिल्या : वार्षिक जमाखर्चावर चर्चा व आगाऊ लेखी सूचना देऊन प्रश्न. दोहोंसही लगाम होता. चर्चा करावी, पण मत घेऊं नये. प्रश्न विचारावा, पण तो केवळ माहितीची मागणी करणारा असावा; त्यांत वाद, तर्क किंवा निंदा नसावी. सार्वजनिक हितास बाधक वाटल्यास अध्यक्षानें तो नाकारावा. उत्तर आल्यावर त्याजवर चर्चा नाहीं व पुरवणी प्रश्नही नाहीं. टिळक १८९५ ते १८९७ या काळांत, व गोखले १८९९ च्या अखेरीस निवडून येऊन, मुंबईच्या कौन्सिलांत बसले, ते याच नियमांखालीं. १९०२ पासून बड्या कौन्सिलांत गोखल्यांचीं अंदाजपत्रकावरील भाषणें गाजलीं, त्यांतील एकाही आंकड्यावर सभेचें मत घेतां येत नव्हतें.

(४) १९०९ व १९१९. १९०९ च्या सुधारणेनें मूळ प्रश्न विचारणारासच तेवढा पुरवणी प्रश्न करण्याची मुभा मिळाली, व तयारी नसल्यास मुदत मागण्याची सवलत उत्तर देणारास राहिली. १९१९ च्या कायद्यानंतर पुरवणी प्रश्नाचा हक्क सर्व सभासदांस झाला. १९२१ पासून प्रांतांत द्विदल राज्यपद्धति सुरू झाली, आणि मुंबईच्या कौन्सिलांत 'मंत्री' या नांवाचा अधिकारी प्रथमच उत्तर देण्यास उभा राहिला. येथें वाचकानें विशेष सावध असावें. शिक्षणखातें सोंपीव होतें व तें प्रथम र. पु. परांजपे यांजकडे होतें. पण खजिना राखीव खात्यांत होता. म्हणजे शाळांविषयीं उत्तर एकानें द्यावें आणि पैशाची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला असावी, अशी स्थिति. मंत्र्याचें 'पैशाच्या अभावीं करतां येत नाहीं' हें उत्तर नाखुषीचें कीं नाइलाजाचें, हें त्याच सालच्या अंदाजपत्रकावरील वाद वाचल्याखेरीज ठरवूं नये.

(५) स्वराज्यांतील कसोटी. १९५० च्या घटनेनें मंत्रिमंडळ सामुदायिक रीतीनें लोकसभेस जबाबदार झालें. या जबाबदारीचा कस १९५७ मध्यें लागला. आयुर्विमा महामंडळानें हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारें सव्वा कोटी रुपयांचे भाग घेतले होते. लोकसभेंत प्रश्न निघाले. उत्तरांनीं समाधान झालें नाहीं. व डिसेंबरांत फिरोज गांधी यांनीं सत्तारूढ पक्षाचेच सभासद असतां तें प्रकरण धसास लावलें. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश छगला यांची एकसदस्य चौकशी मुंबईंत उघडपणें झाली. सचिवानें केलेल्या कृत्याची घटनात्मक जबाबदारी मंत्र्यास झटकतां येत नाहीं, असा त्यांनीं निर्वाळा दिला, व फेब्रुवारी १९५८ मध्यें अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांनीं राजीनामा दिला. १८९२ च्या नियमांखालीं हें प्रकरण पहिल्या उत्तरापाशींच संपलें असतें.

(६) वाचनाचे नियम. आतां संशोधकांच्या उपयोगाच्या चार गोष्टी सांगतों.

पहिली : छापील खंडांत प्रश्न नाहीं म्हणून तो कोणी विचारूं पाहिला नाहीं, असें अनुमान करूं नये. नाकारलेल्या प्रश्नाचा हस्तलिखित मसुदा सभासदाच्या घरच्या कागदांत असण्याचा संभव असतो. असा कागद कोणाच्या संग्रहीं असेल तर तो छापील खंडाहून मोलाचा समजावा.

दुसरी : उत्तर हें विचारलेल्या शब्दापुरतेंच असतें. 'अमुक तालुक्यांत सारा माफ केला काय?' या प्रश्नास 'नाहीं' असें उत्तर आलें, अशी कल्पना करा. तेवढ्यावरून रयतेस कांहींच सवलत नव्हती असें ठरत नाहीं; कारण सूट वेगळी व तहकुबी वेगळी. सूट म्हणजे सारा कायमचा सोडणें, तहकुबी म्हणजे वसुली पुढें ढकलणें. म्हणून प्रश्नाचा मूळ पाठ सोडून उत्तर उतरून घेणें म्हणजे पत्राचा मायना फाडून मजकूर तेवढा ठेवण्यासारखें आहे.

तिसरी : आंकड्यांचें साल पाहावें. सुहूर सन मृगापासून मोजण्याची संवय असलेल्या आम्हांस हें सांगावयास नको. तरी सरकारी हिशेबी साल १८६७ पासून एप्रिलांत सुरू होतें, त्यापूर्वीं तें मे महिन्यांत सुरू होई, एवढें ध्यानांत असावें. तसेंच अंदाज, सुधारलेला अंदाज व प्रत्यक्ष खर्च हे तीन निरनिराळे आंकडे असून उत्तरांत कोणता दिला आहे हें नीट पाहावें.

चौथी : 'माहिती गोळा होत आहे' व 'तक्ता मेजावर ठेवला आहे' हीं उत्तरें अपुरीं समजून पुढील खंड व परिशिष्टें धुंडाळावींत. दिलेलीं आश्वासनें पुरीं झालीं कीं नाहीं हें पाहण्यासाठीं लोकसभेस १९५३ मध्यें निराळी समिति नेमावी लागली, यावरूनच या उत्तरांची गति कळते.

प्रश्नकर्त्याचा हेतूही तपासावा. पैसे घेऊन प्रश्न विचारल्याच्या आरोपावरून डिसेंबर २००५ मध्यें संसदेच्या अकरा सभासदांस काढून टाकण्यांत आलें. बखरकाराचा आश्रयदाता आपण पाहतों, तसा प्रश्नकर्त्याचाही पाहावा, हें यांतील तात्पर्य.

असो. राज्यकर्ता आपण होऊन जें सांगतो तें एक, आणि विचारल्यावर त्यास जें कबूल करावें लागतें तें दुसरें. दुसऱ्या प्रकारचा पुरावा सलग, तारीखवार व दोन्ही पक्षांच्या शब्दांत असा अन्यत्र क्वचितच सांपडतो. म्हणून ज्यांच्या घरीं, वाचनालयांत वा संस्थांत हे खंड असतील त्यांनीं ते रद्दींत घालूं नयेत, पुन्हां बांधून घेतांना शेवटचे तक्ते गाळूं नयेत, व कोणकोणत्या सालचे आहेत त्याची यादी करून ठेवावी, एवढी विनंति करून हें विवेचन पुरें करितों.