शेपटी म्हणजे मूठ नव्हे!

मराठीत शेपटीचे वाक्प्रचार पुष्कळ, पण बहुतेक कुत्र्याच्या मालकीचे. शेपूट घालतो तो, गोंडा घोळतो तोच. बैलाच्या वाट्याला आले ते शेपूट पिरगाळणे! वर्गात हे सांगितले की मुले हसतात. मला मात्र अलीकडे हसू येत नाही.

आमचे दूध ज्या गोठ्यातून येते, तिथल्या सात गाईंपैकी तिघींच्या शेपट्यांना मध्येच कोन आला आहे. "जागची हालत नाही हो, सर, मग जरा पिळावी लागते," असे गवळी म्हणतो. माणूस दुष्ट नव्हे. आजारी वासराजवळ रात्रभर बसलेला मी त्याला पाहिला आहे. पण शेपटी ही गाय हाकायची मूठ आहे, असेच तो बापजाद्यांपासून शिकला.

वास्तविक त्या शेपटीत १८ ते २० मणके असतात. पिळून ते निखळतात, मोडतात, आणि वाकडेच सांधतात. मुळाशी जोराचा हिसका बसला तर मज्जातंतू दुखावून मलमूत्रावरचा ताबाही जाऊ शकतो. शिवाय माश्या कोणी हाकलायच्या? पुढची बाजू गाय डोके फिरवून सांभाळते, थोडी कातडी थरथरवून. पाठीमागचा सारा कारभार गोंड्याकडे. तो लुळा पडला की मांड्यांवर, कासेवर माश्यांचे राज्य!

आणि चावऱ्या माश्या, डास, गोचिडे नुसता त्रास देत नाहीत, रोगही आणतात. लंपी त्यांतलाच. १९२९ साली आजच्या झांबियात प्रथम आढळलेला हा रोग २०१९ मध्ये ओडिशात दिसला आणि २०२२ मध्ये महाराष्ट्रभर पसरला. ताप येतो, अंगभर गाठी उठतात, दूध आटते. माणसाला तो होत नाही. त्या वर्षी वसुबारसेला आमच्या घरी मातीची गाय पुजली. शेपटी धड असली की लंपी टळतो, असे माझे म्हणणे नाही. त्याला लस हवी, गोठा कोरडा हवा, आजारी जनावर वेगळे बांधायला हवे. पण अंगावर गाठी फुटलेल्या, जखमांवर माश्या घोंघावणाऱ्या गाईला मोडकी शेपटी उचलता येऊ नये, याहून असहाय अवस्था कोणती?

शहाण्या देशांनीही या बाबतीत कमी गोंधळ घातलेला नाही. धार काढणाऱ्याच्या तोंडावर घाण शेपटी बसते, कास मळते, म्हणून न्यूझीलंडमध्ये गाईंच्या शेपट्या सर्रास छाटत. तपासून पाहिले, तर कास काही अधिक स्वच्छ निघाली नाही. माश्या मात्र वाढल्या. २०१८ च्या ऑक्टोबरपासून तिथे छाटणीला बंदी आहे. गोंड्याचे केस कातरले की काम भागते.

यंदा वसुबारसेला गोठ्यात जाल, तेव्हा ओवाळून झाल्यावर जरा बाजूला उभे राहून (लाथ चुकवून!) शेपटीकडे नजर टाका. कोन दिसला, तर गवळ्याला विचारा, हा किती दिवसांचा?