गहू बंद करण्यापूर्वी

ग्रहणीचा रुग्ण समोर बसला की आपल्यापैकी बहुतेकांच्या तोंडून पथ्याचे पहिले वाक्य ठरल्यासारखे बाहेर पडते : गहू बंद, मैदा बंद, भाकरी आणि ताक सुरू. हे वाक्य आम्हीही अनेक वर्षे उच्चारीत आलो. त्यात शास्त्रविरोधी असे काही नाही. गोधूम गुरू, स्निग्ध व बृंहण आहे आणि मंदाग्नीच्या रुग्णास तो जड जातो, हे शूकधान्यवर्ग वाचलेल्या विद्यार्थ्यासही ठाऊक असते. तथापि हेच वाक्य एका तपासणीच्या आधी उच्चारले गेल्यामुळे एका मुलीचे जवळजवळ वर्ष कसे वाया गेले, हे वैद्य बंधुभगिनींपुढे, आणि विशेषतः औषधनिर्मात्यांपुढे, मोकळेपणाने ठेवणे आम्हांस आवश्यक वाटते.

रुग्णा १६ वर्षांची, अकरावीत शिकणारी. वजन ३४ किलो, रजोदर्शन झालेले नाही, धाकटा भाऊ उंचीने पुढे गेलेला. दिवसातून तीन-चार वेळा दुर्गंधी, साम मलप्रवृत्ती, आध्मान, वरचेवर मुखपाक. हिमोग्लोबिन ८ च्या आसपास. आधी लोहाच्या गोळ्या झाल्या होत्या, आमच्याकडे नवायस लोह झाले. आकडा हलला नाही. दूध घेतले की पोट बिघडे, ताक मात्र सोसे. पांडूसह ग्रहणी असे निदान करून आम्ही तक्र, लाजामंड, मुद्गयूष असा क्रम लावला. तीन आठवड्यांत मल बांधून आला आणि आम्हांस आमच्या चिकित्सेचा अभिमान वाटला. पोळी ताटात परतताच व्याधीही परतला. तेव्हा आम्ही गहू पूर्णपणे बंद करविला. पुढील दहा महिने मुलगी पुष्कळ बरी राहिली.

एका बालरोगतज्ज्ञ स्नेह्यांशी बोलताना हा विषय निघाला. त्यांनी एकच प्रश्न विचारला : "गहू बंद करण्यापूर्वी सिलिअॅकची तपासणी केली होती काय?" केली नव्हती. लगोलग रक्त तपासले, अहवाल निर्दोष आला. वडिलांनी त्याचा सरळ अर्थ लावला की, रोग नाही तर पोळी द्यायला हरकत नाही. आजीने विचारले, "वैद्यबुवा, पोरीला आम्ही उगीचच भाकरीवर ठेवले म्हणायचे का?" या प्रश्नाला आमच्यापाशी त्या दिवशी उत्तर नव्हते. अहवाल निर्दोष येण्याचे कारण रोगाचा अभाव नसून गव्हाचा अभाव हे होते, आणि तो आम्हीच घडवून आणला होता.

सिलिअॅक हा गहू न पचण्याचा साधा विकार नव्हे. गहू, जव आणि राय या धान्यांतील ग्लूटेन नामक प्रथिनांमुळे, जन्मजात प्रवृत्ती असलेल्या व्यक्तीची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच लघ्वंत्रावर उलटते. आतड्याच्या अंतस्त्वचेवरील सूक्ष्म अंकुर झडून ती सपाट होते. मग लोह, कॅल्शियम, स्निग्धांश, काहीच नीट शोषले जात नाही. दूध पचविणारे विकरही याच अंकुरांच्या टोकाशी असते, म्हणून अशा रुग्णास दूध बाधते. ग्रहणीत तक्राची एवढी थोरवी का, याचे एक उत्तर आम्हांस येथे दिसले.

लंडनचे डॉ. सॅम्युएल गी यांनी १८८८ मध्ये या व्याधीचे वर्णन करून आहारावर भर दिला, पण नेमका अपराधी पदार्थ त्यांस सापडला नाही. तो मान हॉलंडचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांचा. गव्हाविषयी त्यांना आधीपासून शंका होती. १९४४-४५ च्या युद्धकालीन दुष्काळात पावाची टंचाई पडली असता ही मुले खालावण्याऐवजी सुधारली, हे त्यांच्या शंकेस बळ देणारे ठरले आणि १९५० च्या प्रबंधात त्यांनी गव्हाचा संबंध मांडला. आमच्या तक्रप्रयोगात घडले ते याहून फार वेगळे नव्हते. गुण औषधाचा की गहू थांबल्याचा, हा प्रश्न कल्पचिकित्सा करणाऱ्या प्रत्येकाने स्वतःस विचारण्याजोगा आहे.

हा पंजाबकडचा रोग, आपल्याकडे कोठला, असे म्हणणारे अजूनही भेटतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत या रोगाच्या प्रतिपिंडांचे प्रमाण उत्तर भारतात शेकडा १.२३, ईशान्येस ०.८७ आणि दक्षिणेस ०.१० आढळले. लक्षणीय बाब अशी की, या रोगास अनुकूल जनुके बाळगणाऱ्यांचे प्रमाण तिन्ही भागांत जवळपास सारखे, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास होते; गव्हाचे रोजचे सेवन मात्र उत्तरेस सरासरी ४५५ ग्रॅम आणि दक्षिणेस अवघे २५ ग्रॅम होते. ज्या घरांत दोन पिढ्यांपूर्वी पोळी सणावारी होत असे, त्याच घरांत आज सकाळी बिस्किट, दुपारी पोळी आणि रात्री पुन्हा पोळी आहे. भूमी तीच, बीज बदलले.

आता तपासणीविषयी. पहिली पायरी रक्ताची : टीटीजी-आयजीए ही प्रतिपिंडांची चाचणी आणि सोबत एकूण आयजीए. दुसरी मागण्यास विसरू नये. सिलिअॅकच्या शंभरांपैकी दोन-तीन रुग्णांत मुळात आयजीएच अत्यल्प असते आणि मग पहिली चाचणी खोटा दिलासा देते. प्रतिपिंडे वाढलेली असल्यास पोटविकारतज्ज्ञ दुर्बिणीतून ग्रहणीच्या अंतस्त्वचेचे चार-पाच नमुने घेतात. लहान मुलांत प्रतिपिंडे मर्यादेच्या दहापट वा अधिक असून दुसऱ्या नमुन्यातील वेगळी प्रतिपिंड चाचणीही होकारार्थी आली, तर नमुने न घेता निदान करण्याची मुभा २०२० च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांत आहे. जनुकीय चाचणीचा उपयोग मुख्यतः रोग नाही हे ठरविण्यापुरता. ती जनुके असलेले बहुसंख्य लोक आयुष्यभर निरोगी असतात.

या सर्वांची एक अट : रुग्ण गहू खात असला पाहिजे. ब्रिटनमधील तत्त्वांनुसार तपासणीपूर्वी किमान सहा आठवडे, रोज एकाहून अधिक वेळच्या जेवणात ग्लूटेन हवे. गहू थांबविल्यावर प्रतिपिंडे काही महिन्यांत ओसरतात, अंकुरही हळूहळू उगवतात, आणि पुरावा नाहीसा होतो. म्हणून, लोहकल्पांस दाद न देणारा पांडू, खुंटलेली वाढ, लांबलेले रजोदर्शन, हट्टी मुखपाक, कोपरा-गुडघ्यांवरील खाजरे फोड, अल्पवयात ठिसूळ झालेली अस्थी, यांपैकी काही दिसले तर आधी रक्त, मग पथ्य. अतिसार असलाच पाहिजे असे नाही.

आमच्या रुग्णेस उलटा मार्ग चालावा लागला. पोटविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली तिला रोज दोन पोळ्या पुन्हा सुरू केल्या. (एका मध्यम पोळीत अडीच-तीन ग्रॅम ग्लूटेन असते.) जिला आम्हीच पोळी हे विष म्हणून सांगितले, तिला ती औषधाप्रमाणे खाण्यास सांगताना आम्हांस काय वाटले, ते लिहीत नाही. दुसऱ्या आठवड्यात पोट फुगू लागले, चौथ्यात अतिसार. तिने सहा आठवडे पुरे केले. सहामाही परीक्षा त्यातच गेली. टीटीजी वाढलेले निघाले, नमुन्यांत अंकुर झडलेले दिसले. सख्ख्या नातेवाइकांत हा रोग शंभरांत सात-आठ जणांस आढळतो म्हणून घरातील सर्वांचे रक्त तपासले. आईवडील निर्दोष; काहीही तक्रार नसलेला, उंच, धडधाकट भाऊ मात्र सापडला. दहा महिन्यांपूर्वी तपासणी झाली असती तर तोही दहा महिने आधी सापडला असता.

नाव मिळाल्याने फरक काय पडला, असे कोणी विचारील. फरक मुळाशी आहे. ग्रहणीच्या पथ्यात अग्नी प्रदीप्त झाला की गहू परत येतो, आणि सणाला एखादी पुरणपोळी चालते. सिलिअॅकमध्ये ती कधीच चालत नाही. आजतागायत कोणत्याही पद्धतीचे असे औषध सिद्ध झालेले नाही, की जे घेऊन हा रुग्ण निर्धास्तपणे गहू खाईल. दीपन-पाचनाने हे साधते अशी हमी देणाऱ्या जाहिराती आमच्या पाहण्यात आहेत. त्यांवर अधिक लिहिण्याची इच्छा नाही.

सुदैवाने महाराष्ट्रातील स्वयंपाकघरात या रुग्णाची उपासमार होत नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, सर्व डाळी मोकळ्या आहेत. उपवासाची फळी तर वरी, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा यांनी जणू याच रुग्णासाठी भरलेली असते. अडचण येते ती गिरणीत. आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू दळून झाला की त्याच जात्यात आपली ज्वारी पडते. या कुटुंबाने शेवटी लहान घरघंटी घेतली. खपली गहू हा पचनास हलका म्हणून सर्रास दिला जातो, पण तोही गहूच आहे. विदर्भातील सातूचे पीठ, थालिपिठाची गहू घातलेली भाजणी, कुरडई, शेवया, जवाचा मॉल्ट असलेली पेये आणि सत्यनारायणाचा शिरा, यांत मुलीची पावले वारंवार अडखळली. प्रसाद नाकारणे तिच्या आजीस सर्वांत कठीण गेले. आता त्या घरी प्रसाद वरीच्या तांदळाचा होतो आणि गुरुजींनी आक्षेप घेतलेला नाही.

एवढे होऊनही सहाव्या महिन्यात टीटीजी जितके उतरावयास हवे तितके उतरले नाही. आहार तपासला, गिरणी तपासली. अखेरीस मुलीनेच आमच्या चिकित्सालयातील डबी पुढे केली आणि विचारले, "यात काय काय असते?" ते हिंग्वाष्टक चूर्ण होते, आमच्याच देखरेखीत बनलेले, आमच्याच हाताने दिलेले.

बाजारात मिळणारा बहुतेक हिंग बंधानी असतो. कच्च्या हिंगात डिंक व मैदा किंवा तांदळाचे पीठ मिसळून तो बांधतात. आमच्या पुरवठादाराकडे विचारणा केली असता मैदा असल्याचे त्याने सहजपणे सांगितले. आम्ही आजवर विचारलेच नव्हते. हिशेब असा : दिवसास ६ ग्रॅम चूर्ण, त्यात अष्टमांश म्हणजे पाऊण ग्रॅम हिंग, त्यात निम्मा मैदा धरला तर ग्लूटेन ३५-४० मिलिग्रॅम. रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने दिल्यास आतड्यास इजा होते, हे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटलीतील अभ्यासात दिसले आहे. १० मिलिग्रॅमपर्यंतची मात्रा सामान्यतः निर्धोक मानतात. चूर्णात आमटीच्या फोडणीतील हिंग मिळवा. तुपात भर्जन केल्याने हिंगाचे शोधन होते, ग्लूटेन जात नाही. दोन्ही हिंग बदलल्यावर पुढील तपासणीत आकडा उतरला. एका रुग्णेवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे आम्ही जाणतो. पण संशय घेण्यास एवढे पुरेसे आहे.

अन्नपदार्थांवर 'ग्लूटेनमुक्त' लिहावयाचे तर प्रतिकिलो २० मिलिग्रॅमची मर्यादा आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने घातली आहे. आपली औषधे १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली येतात, तेव्हा हा प्रश्न आपणच स्वतःस विचारावयाचा आहे. हिंग असलेले कल्प पुष्कळ : हिंग्वाष्टक, लशुनादी वटी, शिवाक्षार पाचन. अगस्त्यहरीतकीच्या पाठात प्रत्यक्ष यव आहे. यवक्षार भस्मातून येतो, त्यात प्रथिन उरत नाही. वटीच्या बंधनासाठी कोणता स्टार्च वापरला, सूतिकेच्या डिंकलाडवांत कणीक आहे काय, गव्हांकुराच्या चूर्णात दाणा आला काय, हे कारखानदारास एका दूरध्वनीवर कळू शकते. कटिबस्तीच्या पाळीत कणीक मिसळली तरी बाहेरून बाधत नाही, हात धुतले म्हणजे झाले.

आम्ही जुने हिंग्वाष्टक बाजूला काढून निर्भेळ हिंगाचे नवे केले. खर्च वाढला, वासही इतका उग्र की मदतनीसाने प्रथम तक्रार केली. डबीवर आता हिंगाचा प्रकार लिहिलेला असतो. मुलगी बारावीत आहे, वजन ४३ किलो, हिमोग्लोबिन ११.६, गेल्या मार्गशीर्षात रजोदर्शन झाले. भावाचा मात्र अजून विश्वास बसत नाही. त्यास काहीच होत नाही, आणि मित्रांबरोबर वडापाव खाऊन आल्यावरही काही होत नाही. त्याची पुढील टीटीजी तपासणी चैत्रात आहे.