छीट, चिनी माती आणि आमची ट्रॉली

अल थुमामातल्या आम्हा मराठी कुटुंबांची शुक्रवारची खरेदी म्हणजे निम्मा सणच! यादीत दूध-भाजी, ट्रॉलीत मात्र तिसरा डिनर सेट. मंडळी, हा मोह जुना आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत हॉलंड-इंग्लंडच्या साध्या घरांतही चिनी मातीच्या बश्या, चहा, साखर आणि आपल्याकडची छापील छीट शिरली. मोलकरणीसुद्धा छीट घालू लागल्या. पोटावर पाय आलेल्या लंडनच्या विणकरांनी १७१९ साली भररस्त्यात बायकांच्या अंगावरची छीट फाडली. १७२१ मध्ये ती वापरण्यावर कायद्याने बंदीच आली. (फ्रान्सने तर १६८६ मध्येच घातली होती. हौस थोडीच थांबते!)

यंदा सुट्टीला निघताना आम्ही बॅगा तोलल्या. चॉकलेटं, परफ्यूम, डिनर सेट, सगळं होतं. आईने एकच वस्तू मागितली होती, गुडघ्याचा पट्टा. तोच घ्यायचा राहिला होता.