विश्लेषण : बाळाला हृदयदोष, रुग्णालय दूर, मोबाइलवरून पालकांना काय शिकवता येते?

भारतात दरवर्षी अंदाजे २ लाखांहून अधिक बाळे जन्मजात हृदयदोष घेऊन जन्माला येतात. लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियेची केंद्रे मात्र मुख्यतः मोठ्या शहरांत आहेत. त्यामुळे शस्त्रक्रियेची वाट पाहताना किंवा ती झाल्यानंतर अनेक बाळे रुग्णालयापासून दूर, घरीच असतात. या काळात धोका आधी ओळखू शकतात ते आईवडीलच.

घरून लक्ष ठेवल्याने फरक पडतो?

अमेरिकेत मिलवॉकीच्या बाल रुग्णालयाने २००० मध्ये हा प्रयोग केला. हृदयाची डावी बाजू नीट न वाढलेल्या बाळांच्या पालकांना वजनकाटा आणि ऑक्सिमीटर देऊन घरी पाठवले. ऑक्सिजन ७० टक्क्यांखाली गेला, वजन ३० ग्रॅमने घटले किंवा ३ दिवसांत २० ग्रॅमही वाढले नाही, तर लगेच फोन करायचा. आधीच्या ५७ बाळांपैकी ९ बाळे दुसऱ्या शस्त्रक्रियेपूर्वीच दगावली होती. घरी नोंदी ठेवलेल्या २४ पैकी एकही दगावले नाही. गट लहान होता, पण पुढे अनेक रुग्णालयांनी ही पद्धत स्वीकारली.

चीनच्या फुजियान प्रांतात डॉक्टरांनी शस्त्रक्रियेपूर्वी पालकांना वीचॅटवरून माहिती दिली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पालकांवरील ताण कमी झाल्याचे दिसले.

पालकांनी काय पाहायचे?

- दूध पिताना बाळाला घाम येतो का, धाप लागून ते मध्येच थांबते का?
- दूध संपायला अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ लागतो का?
- वजन वाढते आहे का?
- श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जातात का?
- ओठ, जीभ निळसर दिसतात का? हे दिवसाच्या उजेडात पाहावे.

‘फॅलो’ प्रकारच्या दोषात रडताना बाळ अचानक निळे पडू शकते. अशा वेळी त्याचे गुडघे छातीशी दुमडून धरावेत आणि तातडीने रुग्णालय गाठावे. अशी कृती व्हिडिओ कॉलवर करून दाखवली की नीट समजते.

मोबाइलची मर्यादा काय?

व्हिडिओ कॉलवर छातीतला आवाज ऐकता येत नाही, ‘इको’ही करता येत नाही. कोविडकाळात घेतलेला मोठ्यांचा ऑक्सिमीटर तान्ह्या बाळाच्या बोटावर भरवशाचा नाही. त्यासाठी वेगळा प्रोब लागतो. वर दिलेले आकडेही सर्व बाळांना लागू होत नाहीत. बाळ निळे पडले, सुस्त झाले किंवा दूध घेईना, तर मेसेजच्या उत्तराची वाट न पाहता १०८ वर फोन करावा.

डिस्चार्जच्या दिवशी काय विचारावे?

बाळाचा ऑक्सिजन किती असावा, वजन रोज किती वाढावे, औषध नेमके किती मिलि द्यायचे, उलटी झाली तर पुन्हा द्यायचे का आणि रात्री कोणाला फोन करायचा, हे कागदावर लिहून घ्यावे. त्या कागदाचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असावा.