ध्रुवतारा डोक्यावर नसतो

‘ध्रुव म्हणजे आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा’ हे चांगली शिकलीसवरलेली माणसंही बिनदिक्कत सांगतात. मग गच्चीवर जाऊन ठसठशीत दिसेल त्या ठिपक्याला ध्रुव ठरवून मोकळी होतात. पुष्कळदा तो शुक्र निघतो. म्हणजे तारासुद्धा नव्हे, ग्रह! ध्रुवापेक्षा तेजस्वी असे चाळीसहून अधिक तारे आहेत. त्याचा मान तेजाचा नाही, जागेचा आहे. पृथ्वीचा अक्ष जवळजवळ त्याच्याकडे रोखलेला असल्याने तो हलताना दिसत नाही.

आणि त्याला शोधायला मान वर करू नका. गावाचा अक्षांश जितका, साधारण तितकाच ध्रुव उत्तर क्षितिजाच्या वर असतो. कोल्हापुरातून जेमतेम 17 अंश, नागपुरातून 21. हात ताठ करून धरलेली मूठ सुमारे 10 अंश व्यापते. उत्तरेकडे तोंड करून क्षितिजावर एक मूठ, तिच्यावर दुसरी ठेवा. ध्रुव त्याच उंचीच्या आसपास सापडेल. समोर सातमजली इमारत असेल, तर गच्ची बदला.

सप्तर्षींवरून ध्रुव शोधायचा, हे शाळेत शिकलेलं असतं. क्रतू आणि पुलह यांच्यातलं अंतर क्रतूच्या पुढे पाचपट वाढवलं की ध्रुव. पण सप्तर्षी बारा महिने संध्याकाळी दिसत नाहीत. एप्रिल-मेमध्ये ते उत्तरेला छान वर असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संध्याकाळी आपल्याकडून क्षितिजाखाली. तेव्हा शर्मिष्ठा या तारकासमूहाचा ‘एम’ कामाला येतो.

सगळ्यात गमतीचा घोटाळा मृगाचा. ‘मृग लागला’ म्हणून 7-8 जूनला आकाशात मृग शोधणारे भेटतात. मृग लागला म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात आला. साहजिकच ते त्याच्याबरोबर उगवतं आणि मावळतं. दिसणार कसं? मृग बघायचा जानेवारी-फेब्रुवारीत, रात्री नऊच्या सुमारास. हरणाचे चार पाय आणि मधोमध एका रेषेत तीन तारे, हा व्याधाचा बाण. ती रेष आग्नेयेकडे वाढवा, व्याध भेटेल. रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा हा. उलट दिशेला वाढवली की तांबूस रोहिणी, पुढे कृत्तिकांचा पुंजका. रोहिणी, कृत्तिका शेजारी वाटतात खऱ्या, पण रोहिणी 65 प्रकाशवर्षांवर, कृत्तिका सुमारे 440.

यातल्या एकाही गोष्टीला दुर्बीण लागत नाही. खरेदीची घाई करू नका. आधी अमावास्येच्या आसपासची एक रात्र शहराबाहेर काढा.