बांबूचं धनुष्य आणि चॅम्पियनचं धनुष्य

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात धनुष्य ही नवलाची वस्तू नाही. भामरागड, एटापल्लीकडच्या माडिया गोंडांनी ते पिढ्यान्‌पिढ्या वापरलं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीला बंदी आली, पण हातातला सराव आणि डोळ्यातला नेम असा एका कायद्यानं जात नाही. या भागात खेळशिक्षक म्हणून काम करताना मला पालकांकडून एक प्रश्न हमखास ऐकायला मिळे. ‘सर, पोराचा नेम चांगला हाय. टीव्हीवर दिसते तसा धनुष्य घेऊन देला तं जमन का?’

प्रश्न साधा आहे, पण त्याच्या पोटात दोन प्रश्न आहेत. पहिला, आपल्या तीरकामठ्यात आणि टीव्हीवरच्या धनुष्यात फरक नेमका कोणता? आणि दुसरा, मोठे खेळाडू खरोखर वापरतात तरी काय?

आधी आपलं धनुष्य पाहू. आपल्या जंगलात मुख्यतः मानवेल बांबू आहे. तो जवळजवळ भरीव असतो. बांबूतले चिवट धागे सालीच्या बाजूला दाट आणि आतल्या बाजूला विरळ असतात, म्हणून बांबू वाकतो, पण सहजासहजी मोडत नाही. पुष्कळ ठिकाणी धनुष्याची दोरीही बांबूच्याच सालीची पट्टी काढून केलेली असते. ही पट्टी फारशी ताणली जात नाही, हा तिचा मोठा गुण. करणारा माणूस पूर्ण वाढलेला बांबू निवडतो, तासतो, वाकवून बघतो, पुन्हा तासतो. ज्याच्या हातात ते जायचं, त्याची उंची आणि ताकद त्याच्या डोळ्यांपुढे असते. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, तिच्याकडे आपल्याला परत यायचं आहे.

मग या धनुष्याचं अडतं कुठे? ते सजीव वस्तूपासून बनलं आहे, तिथेच अडतं. पावसाळ्यात बांबू दमट होतो, उन्हाळ्यात कोरडा पडतो, आणि दोन्ही वेळा त्याची ओढ बदलते. दोरी चढवून ठेवलं, तर हळूहळू वाक धरतं. हीच गत जुन्या टेनिस रॅकेटची होती. ज्यांनी लाकडी रॅकेटनं खेळून पाहिलं आहे, त्यांना तो लाकडी चौकटीचा आणि चार स्क्रूंचा प्रेस आठवत असेल. खेळ संपला की रॅकेट त्यात आवळून ठेवायची, नाहीतर पावसाळ्यात ती पिळवटून जायची.

टेनिसमध्ये लाकूड गेलं ते झपाट्यानं. १९८१मध्ये मॅकेन्रो आणि ख्रिस एव्हर्ट लाकडी रॅकेटनं विम्बल्डन जिंकले. १९८३मध्ये यानिक नोआ फ्रेंच ओपन जिंकला, तो लाकडी रॅकेटनं मोठी स्पर्धा जिंकणारा शेवटचा पुरुष. बियाँ बोर्ग १९९१मध्ये मोंटे कार्लोत लाकडी रॅकेट घेऊनच परतला आणि पहिल्याच फेरीत हरला. त्याचा हात तोच होता, पण समोरच्यांच्या हातात ग्रॅफाइट होतं.

तिरंदाजीतही असंच झालं. ऑलिम्पिकमध्ये दिसतं ते रिकर्व्ह धनुष्य. त्याची मधली मूठ बहुधा ॲल्युमिनियमची, वरखालची दोन पाती कार्बनच्या थरांची आणि आत लाकूड किंवा फोम. दोरी पॉलिएथिलीनच्या अतिबळकट धाग्यांची. नेम धरायला साइट, हात स्थिर राहावा म्हणून पुढे लांब दांडे, आणि प्रत्येक वेळी दोरी तेवढीच ओढली गेली हे सांगणारी क्लिकर नावाची छोटी पट्टी. यातली एकही वस्तू नेम धरून देत नाही. सगळ्यांचं काम एकच, कालचा बाण जसा सुटला तसाच आजचा सोडणं.

हे इतकं महत्त्वाचं का, ते एका हिशेबानं कळेल. ऑलिम्पिकमध्ये अंतर ७० मीटर आणि दहा गुणांचं वर्तुळ १२.२ सेंटिमीटरचं. म्हणजे दिशेत एका अंशाच्या विसाव्या भागाएवढी चूक झाली, की बाण वर्तुळाच्या कडेला गेलाच. दमटपणानं ओढ किंचित बदलणारं धनुष्य इथे टिकणार कसं?

बाणाची गोष्ट तर धनुष्याहून मोठी आहे. दोरी सुटताच बाण सरळ जात नाही. तो वाकतो, धनुष्याच्या मुठीला वळसा घालतो आणि मग सरळ होतो. त्याचा ताठपणा धनुष्याच्या ओढीशी जुळला नाही, तर नेम कितीही चांगला असला तरी बाण भलतीकडे जातो. हातानं केलेल्या दहा बाणांत दहा वेगळे ताठपणे असतात. आजचे अव्वल बाण ॲल्युमिनियमच्या बारीक नळीवर कार्बन चढवून केलेले असतात आणि संचातला प्रत्येक बाण वजनाला, ताठपणाला सारखा असतो. म्हणून जाणकार सांगतात, पैसे थोडे असतील तर आधी बाण चांगले घ्या.

आता दुसरा प्रश्न. मोठे खेळाडू खरोखर काय वापरतात? टेनिसमध्ये याचं उत्तर गमतीचं आहे. जाहिरातीत नव्या मॉडेलची रॅकेट असते, पण कित्येक व्यावसायिक खेळाडू आपली जुनीच रॅकेट नव्याचा रंग चढवून वापरत आले आहेत. पीट सँप्रसनं चौदाही ग्रँड स्लॅम विजेतेपदं एकाच जुन्या, लहान तोंडाच्या मॉडेलनं मिळवली. ती रॅकेट शिशाच्या पट्ट्या लावून जड केलेली असे. नावापुरती तीच रॅकेट घेऊन आपल्या पोराच्या हाती दिली, तर त्याचं कोपर दुखेल, बाकी काही नाही.

तिरंदाजीत असा रंगाचा खेळ फारसा नाही. चॅम्पियनचं धनुष्य बहुतेक दुकानात मिळतं तेच असतं. फरक दुकानातून बाहेर पडल्यावर सुरू होतो. मूठ आपल्या तळहाताप्रमाणे घासून घेतात, पात्यांचा कस मिलिमीटरनं जुळवतात, बाण कापून लांबी ठरवतात. पुरुष खेळाडू साधारण ४५ ते ५० पौंड, म्हणजे वीस किलोंच्या वर ओढ ओढतो, पण तिथवर तो वर्षानुवर्षं चढत आलेला असतो. म्हणजे आपला बांबू तासणारा जे करतो, माणूस बघून धनुष्य घडवतो, तेच ही मंडळीही करतात.

एकलव्याची कथा इथे आठवल्याशिवाय राहत नाही. आजचा ऑलिम्पिक तिरंदाज दोरी तर्जनी, मध्यमा आणि अनामिका या तीन बोटांनी ओढतो. अंगठा लागतच नाही. आजच्या एकलव्याचं अडतं ते वेळेवर योग्य साधन हाती न आल्यानं.

हे साधन न मिळणं म्हणजे काय, ते पाहा. आपल्या राष्ट्रीय आणि शालेय स्पर्धांत ‘इंडियन राउंड’ नावाचा प्रकार आहे. ३० आणि ५० मीटरवर साध्या, बांबू-लाकडाच्या धनुष्यानं खेळतात. कमी खर्चात शेकडो मुलं मैदानात येतात, हे त्याचं मोठं काम. पण जागतिक स्पर्धांत हा प्रकार नाही. पुढे जायचं तर रिकर्व्ह किंवा कंपाउंड हाती घ्यावंच लागतं आणि त्याचा पूर्ण संच लाखांच्या घरात जातो. मुलगा इंडियन राउंडमध्ये पदकं मिळवतो, अठरा वर्षांचा होतो आणि तिथेच थांबतो. असे मुलगे-मुली मी पाहिले आहेत.

पूल ओलांडता येतो, याचेही दाखले आहेत. उदयपूरकडच्या आदिवासी गावातला लिंबाराम १९८७मध्ये निवडला गेला आणि १९८८मध्ये सोल ऑलिम्पिकमध्ये उतरला. १९९२मध्ये बीजिंगला त्यानं ३० मीटरवर ३६०पैकी ३५८ गुण मिळवून जागतिक विक्रमाशी बरोबरी केली. सातारा जिल्ह्यातल्या सरडे गावचा, मजुरी करणाऱ्या आईवडिलांचा प्रवीण जाधव आपल्या विदर्भातल्या अमरावतीच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि टोकियो ऑलिम्पिकला गेला. नागपूरचा ओजस देवतळे २०२३मध्ये बर्लिनला अंतिम फेरीत १५०पैकी १५० गुण घेऊन कंपाउंडचा जगज्जेता झाला. त्याच स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी जगज्जेती झाली. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाउंडचा मिश्र सांघिक प्रकार यायचा आहे. या सगळ्यांत समान गोष्ट एकच, योग्य वयात योग्य धनुष्य आणि समोर शिकवणारा माणूस.

तेव्हा पालकांना माझं सांगणं असं. टीव्हीवरचं धनुष्य विकत घेण्याची घाई करू नका. बांबूवर हात बसू द्या, पण बारा-तेराव्या वर्षी लाकडी मुठीचं, सुट्या पात्यांचं सरावाचं रिकर्व्ह मिळेल असं बघा. ते काही हजारांत येतं. अठरा-वीस पौंडांपासून सुरुवात करा, कारण जड धनुष्य खांदा कायमचा बिघडवू शकतं. मूल वाढलं की पाती बदलायची, मूठ तीच राहते. आणि शाळांना, आश्रमशाळांना सांगणं असं की, महागडा एक संच कपाटात कुलपात ठेवण्यापेक्षा साधे दहा संच आणि एकसारखे बाण मैदानात ठेवा. जंगलानं या मुलांना नेम दिला आहे. तो नेम रोज तसाच लागू देणारं साधन त्यांच्या हाती देणं हे आपलं काम आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)